करारात नसलेल्या सात जणी

अंबरनाथ पश्चिम
११ नोव्हेंबर २०२४

गोदू,

मायना काय लिहावा यातच अर्धा चहा गार झाला. चिरंजीव लिहिलं तर म्हणशील, आली मोठेपणा गाजवायला. सप्रेम लिहिलं तर म्हणशील, ढोंगी. म्हणून नुसतं गोदू. तुझी ताई होती तशीच आहे, गुडघे सोडून.

तुझा पत्ता किर्तीने दिला नाही. "मावशी, आईने शपथ घातलीय. तू पत्र दे, मी पोचवते," म्हणाली. लेक तुझीच शोभते. रघुराव गेल्यावर तू बदलापूरच्या बाजूला कुठेतरी फ्लॅट घेतलास, एवढंच मला माहीत. मी त्या वेळी इतकंच म्हटलं होतं की अनोळखी बिल्डरकडे घर घेऊ नकोस, आधी कागद मला दाखव. त्यावर तू चार माणसांत म्हणालीस, "लोकांचे निकाल लाव, ताई. माझा लावू नकोस." आणि उठून गेलीस ती गेलीसच. माझं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण दिवाळीत करंज्या केल्या आणि ताट भरताना हात थांबला. कोणाला देऊ?

भांडण उकरायला हे पत्र नाही. गंमत सांगायला आहे. इंजिनीअरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी लवाद म्हणून बसते, हे तुझ्या कानावर असेल. लोकांना वाटतं मी जज्ज झाले. जज्ज कुठली! बांधकामाच्या करारात एक कलम असतं, की बिलावरून भांडण झालं तर ते तिसऱ्या माणसाने तोडावं. तो तिसरा माणूस मी. करारावर ज्यांच्या सह्या, त्यांचंच ऐकायचं. त्यांनी जेवढं विचारलं, तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. समोर भिंत वाकडी दिसत असली तरी कोणी विचारलं नसेल तर गप्प बसायचं. गप्प बसायचं काम, आणि ते मला! हसलीस ना?

सध्याचं भांडण असं. एकीकडे उल्हासनगरचे धर्मेशशेठ, बिल्डर. दुसरीकडे चामटोलीचा हरिचंद्र, त्यांचा पाया आणि जोत्याचं काम केलेला ठेकेदार. हरिचंद्रने आपल्या हाताने लिहून दिलेल्या दरपत्रकात एक ओळ आहे: "आसरा - जागा सोडून बांधकाम." त्या एका ओळीचं बिल अडलंय.

मी अर्थ लावला की मजुरांच्या निवाऱ्यासाठी बांधलेली शेड. धर्मेशशेठनेही तोच लावला. "मॅडम, शेड होती कुठे साईटवर? फोटो दाखव म्हणा ना. झूठ बोलतोय हा." हरिचंद्र एवढंच म्हणत राहिला, "शेड नाय मॅडम. आसरा." मी म्हटलं, "अहो, आसरा म्हणजे शेडच ना?" तो मान हलवायचा, "नाय." अख्खी बैठक याच गोंधळात गेली. शेवटी मी पुढची तारीख दिली.

मधे संतोष चहा घेऊन आला. स्टेशनजवळ मी भाड्याने खोली घेतली आहे, तिच्याखालीच त्याची टपरी आहे. आत तीन ग्लास ठेवले आणि सात ट्रेमधे तसेच. मी म्हटलं, हे कोणाचे? "बाहेर बाकावर बायका बसल्यात ना मॅडम, सात जणी. बोलतात आमची पण केस आहे."

मी दार उघडून पाहिलं. बाकावर कोणी नव्हतं. संतोषला बिल फुगवायची खोड लागली म्हणून मी त्याला झापलं. पण जाताना पाहिलं तर बाकाखाली सात ग्लास ओळीने पालथे घातलेले, धुतल्यासारखे स्वच्छ. आता टपरीवाला ग्लास वर ठेवून जाईल कशाला, सांग.

करंज्यांचा डबा किर्तीकडे दिला आहे. डबा परत केला नाहीस तरी चालेल.

ताई


२६ नोव्हेंबर

गोदू,

डबा परत आला. रिकामा, घासलेला. आत चिठ्ठी नाही काही नाही. पण करंज्या खाल्ल्यास, यात मी समाधान मानते.

त्या ओळीचा उलगडा झाला. हरिचंद्र आज धीर करून बोलला. "मॅडम, साती आसरा. बावीतल्या. त्यांची जागा सोरली व्हती."

मी पेन खाली ठेवलं. गोदू, आपल्याला हा शब्द कळायला किती वेळ लागायला हवा होता? शून्य! आई रोज कानीकपाळी ओरडायची, भर दुपारी विहिरीवर जाऊ नका, पाण्यातल्या आसरा धरतील. कोणी नावाने हाक मारली तर लगेच ओ देऊ नका, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबा. माणूस तीनदा हाक मारतं, त्या मारत नाहीत. मी नेहमी तीन मोजायचे. तू पहिल्या हाकेला "ओ" द्यायचीस. आठवतं, एकदा आपण दोघीच विहिरीच्या काठावर होतो आणि तू मधेच म्हणालीस, "ओ, आले"? मी विचारलं, कोणी हाक मारली? तू म्हणालीस, "तूच ना?" मी हाक मारली नव्हती. त्या संध्याकाळी आईने तुझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि मार मला दिला.

तर ही जागा मुळात हरिचंद्रच्या घराण्याची. तिथे जुनी विहीर होती, ते लोक बाव म्हणतात. "आमचे आईस दरवर्षी तिथं ओटी भरायची. सात ओट्या, हिरव्या बांगड्या. जागा इकली तवा शेठला बोललो, बिल्डिंग बांध, पन बाव झाकू नको. त्यांना वर येवाला वाट पायजे." धर्मेशशेठने तेव्हा मान डोलावली. हरिचंद्रने विहिरीभोवती गोल भिंत चढवली, वरच्या स्लॅबमधे तेवढी जागा मोकळी सोडली, त्यावर लोखंडी जाळी बसवली. तेच ते बिल.

धर्मेशशेठ म्हणतात, "आज साईटवर जाके देखो, कुठे आहे विहीर? नाही ना? मग बिल कशाचं?"

म्हणजे जागा पाहायला जावं लागणार.

आज संतोषने पुन्हा दहा ग्लास आणले. मला इतका राग आला की मी चढ्या आवाजात म्हटलं, "जा, सांग त्यांना, करारावर ज्यांची सही आहे त्यांनाच इथे बसता येतं. बाकीच्यांचं मी ऐकू शकत नाही." धर्मेशशेठ माझ्याकडे बघतच राहिले. हरिचंद्रने मात्र मान खाली घातली. संतोष बाहेर गेला, आला. म्हणाला, "बरं बोलल्या. बाहेर थांबतो बोलल्या."

मी हसले. घरी आल्यावर मात्र नळाखाली हात धरून बराच वेळ उभी होते.

ताई


८ डिसेंबर

गोदू,

हे पत्र कसं सुरू करू? तू तर सगळं पाहिलंस.

तरी माझ्या बाजूने सांगते. बिल्डिंग चामटोलीच्या अलीकडे, नवी, बाहेरून गुलाबी. धर्मेशशेठ पुढे चालत होते, "बघा मॅडम, सगळं पॅक आहे." कोपऱ्यापासून खांब मोजत हरिचंद्र मागच्या बाजूला गेला आणि तळमजल्यावरच्या एका दारापुढे थांबला. दाराला आईच्या देव्हाऱ्यातली घंटा टांगलेली होती. कान तुटलेली. पाटीवर तुझं नाव आणि रघुरावांचं.

आधी वाटलं, परत फिरावं. तेवढ्यात धर्मेशशेठने बेल दाबली आणि दार उघडलं.

तुझी पापणीसुद्धा हलली नाही. "या मॅडम," म्हणालीस. "चपला बाहेर काढा."

मॅडम! अगं, शिव्या दिल्या असत्यास तर मी घरी जाऊन निवांत झोपले असते. ताई म्हणू नकोस, निदान अहो बाई म्हण. मी चपला काढल्या आणि पाहुणीसारखी तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहिले. तू वाळली आहेस. केस पार पांढरे झालेत. त्या दोन माणसांसमोर मी तुला बरी आहेस का इतकंही विचारू शकले नाही.

हरिचंद्र गुडघ्यावर बसून फरशी ठोकत होता. बद्द, बद्द. ओट्याखाली गेल्यावर आवाज बदलला. पोकळ. तो थांबला. धर्मेशशेठ घाम पुसायला लागले. आणि मग, हरिचंद्रचा हात वर उचललेला असताना, खालून एकदा तसाच आवाज आला.

तिघांनीही ऐकलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. तू गॅसपाशी उभी होतीस आणि तुझ्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. शेजारी कोणी खलबत्ता कुटला की जेवढं लक्ष द्यावं, तेवढंच.

मी टिपणात लिहिलं: "ओट्यालगत फरशी पोकळ वाजते." खालून परत वाजली हे लिहिलं नाही. ओट्यावर सात वाट्या धुऊन ओळीने पालथ्या घातल्या होत्या, तेही लिहिलं नाही. एकटी राहतेस तू, गोदू. सात वाट्या कोणाच्या?

ताई


१२ डिसेंबर

गोदू,

माझी सख्खी बहीण त्या बिल्डिंगमधे राहते, हे मी दोन्ही पक्षांना लेखी कळवलं. अशा वेळी कोणीही हरकत घेतली असती तर मी त्याच दिवशी बाजूला झाले असते. खरं सांगायचं तर कोणीतरी घ्यावी अशी माझी इच्छा होती. दोघांनीही "हरकत नाही" असं लिहून दिलं. धर्मेशशेठला वाटलं असेल, बहिणीची फरशी ही बाई कशाला फोडायला सांगेल. हरिचंद्र म्हणाला, "तुमची बहीण हाय म्हनूनच सांगताव, लवकर निकाल करा."

तुझा निरोप किर्तीने शब्दन् शब्द पोचवला. "आई म्हणते, वाट्यांचं तुझ्या अधिकारात येत नाही."

वा! कुठे ठोकायचं ते तुला पहिल्यापासून कळतं.

पण ऐक आता. भांडण नंतर करू, आयुष्यभर करू. तू ते घर सोड. चार कपडे घे आणि माझ्याकडे ये. मागची खोली रिकामी आहे, खिडकीत ऊन येतं. तुझ्या स्वयंपाकघराखाली विहीर आहे आणि ती पातळ लादी टाकून झाकली आहे. हे मी इंजिनीअर म्हणून सांगते आहे. उरलेलं जे आहे ते मी इंजिनीअर म्हणून सांगू शकत नाही, म्हणून बहीण म्हणून सांगते. मला भीती वाटते. मला, गोदू! विहिरीच्या काठावर तीन मोजून थांबणारीला.

निदान दुपारी कोणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. तीन मोज. एवढं तरी ऐक.

ताई


४ जानेवारी २०२५

गोदू,

निवाडा लिहून झाला. हे सगळं तुला कळवणं नियमात बसत नाही. बसू दे न बसू दे.

मी असं लिहिलं: आसरा म्हणजे शेड नव्हे. करार करताना दोन्ही पक्षांना या शब्दाचा अर्थ माहीत होता. ठेकेदाराने जागा सोडली होती, ती नंतर झाकली गेली, म्हणून त्याचं बिल देणं लागतं. एवढं लिहिण्याचा मला अधिकार आहे.

त्याखाली मी एक ओळ लिहिली होती: जागा पुन्हा मोकळी करावी. ती लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. अधिकाराबाहेरची एक ओळ ठेवली असती तर धर्मेशशेठ कोर्टात गेले असते आणि तिच्या पायी बाकीचा निवाडाही लटकला असता. हरिचंद्र पुन्हा वर्षानुवर्षं खेटे घालत बसला असता. शेवटी ती काढली आणि तिच्या जागी नेहमीची वाक्यं टाकली: "ही जागा मोकळी करण्याचा आदेश देण्याचा मला अधिकार नाही. तो, ती जागा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांचाच आहे."

टाइप करताना मोठ्याने वाचायची माझी खोड तुला माहीत आहे. अभ्यास करतानाही तू उशी फेकून मारायचीस. मी हेही मोठ्याने वाचलं.

थोड्या वेळाने संतोष आला. ट्रेमधे एकच ग्लास. मी विचारलं, "आज बाकीचे नाहीत?" बघ, मीच विचारायला लागले.

"त्या गेल्या ना मॅडम. तुमचं वाचून झालं तशा उठल्या सगळ्या. बोलल्या, आता समजलं कोणाला विचारायचं ते."

गोदू, मी तुला फोन लावते आहे आणि तू उचलत नाहीस. दर वेळी पूर्ण रिंग होते. मी त्यांना तुझ्याकडे पाठवलं. इतके दिवस त्या दाराबाहेर बसून होत्या, वाट कोणाकडे मागायची ते त्यांना माहीत नव्हतं. मी नाव घेतलं नाही, पण पत्ता दिला. मी आयुष्यभर असंच लिहीत आले, हे माझ्या अधिकारात नाही, त्यांना विचारा. त्यांना म्हणजे कोणाला, याचा मी कधी विचार केला नाही.

त्या विचारायला आल्या तर तू काय म्हणशील, ते मला माहीत आहे. तू "या" म्हणशील. दारात आलेल्याला तू कधी परत पाठवलं नाहीस, पाठ फिरवलीस ती फक्त माझ्याकडे.

मी उद्या येते. दार उघड नाहीतर उघडू नकोस, मी येते.

ताई


१७ जानेवारी

गोदू,

हे मी खोलीवर बसून लिहिते आहे. सकाळ आहे, उजेड आहे, खाली संतोषचा स्टोव्ह वाजतो आहे.

त्या दिवशी आले तेव्हा तू मला आत घेतलंस. चहा दिलास. तेव्हाही ताई म्हणाली नाहीस, पण मॅडमही म्हणाली नाहीस. मी ओट्याकडे बघायचं टाळत होते. तूच म्हणालीस, "साखर वरच्या कप्प्यात आहे, तूच घे." मग अगदी साधेपणाने सांगितलंस की तू हरिचंद्रला बोलावलं आहेस, फरशी काढायची आहे. मी म्हटलं, अगं घराची किंमत जाईल. तू म्हणालीस, "त्या जागा मागत नाहीत. वाट मागतात. माझी आहे, तर देते." मला वाटलं, म्हणावं, थांब, मला विचार करू दे. पण माझा निकाल लावू नकोस, असं तू पुन्हा म्हणशील म्हणून गप्प बसले. आयुष्यात एकदा गप्प बसले आणि तेही नको तिथे.

काल हरिचंद्रने फरशी काढली. संध्याकाळी त्याचा फोन आला होता. "पानी आरशासारखा हाय मॅडम. तुमचे बहिनीनी सात ओट्या भरल्या. हसत व्हत्या." मी म्हटलं, बरं झालं. झोपसुद्धा लागली मला.

आज निवाड्याच्या प्रती द्यायला इथे आले. धर्मेशशेठ आपली प्रत घेऊन गेले. हरिचंद्र आला नाही, फोन आला. तू घरात नाहीस. दार सताड उघडं, मोबाईल ओट्यावर, चपला दारात. वाट्या नाहीत. तो आणि त्याची माणसं बांबू घालून बघत आहेत. "काय लागत नाय मॅडम. तळच लागत नाय." किर्ती निघाली आहे. मी रिक्षा सांगितली आहे, ती यायची आहे.

आत्ता संतोष चहा घेऊन आला. ट्रेमधे दोन ग्लास. मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "बाहेर एकच बाई बसलीय आज. मी विचारलं, केस आहे का? बोलली, केस नाही, ताईला भेटायचंय. मॅडम, पदर पूर्ण ओला आहे तिचा. टॉवेल देऊ काय?"

मी त्याला खाली पाठवलं. दार बंद आहे. रिक्षा येईपर्यंत लिहिते आहे.

तू चालत आली असशील. पहाटे कुठे गेली असशील, नदीवर, देवाला, चपला विसरून. मग मी तुला इतकी ओरडेन की खाली स्टेशनपर्यंत ऐकू जाईल. आणि तसं नसेल, तर काय करायचं ते आईने सांगून ठेवलं आहे.

आत्ता दाराबाहेरून हाक आली.

"ताई."

एकदाच. तुझाच आवाज. किती वर्षांनी, गं.

मला तीन मोजता येतात. सगळ्या जन्मात दुसरं काही केलं नाही. बाहेर कोण आहे, सही कुठे आहे, अधिकार काय आहे, हे बघून मगच दार उघडलं. दुसरी हाक आली नाही. येणार नाही असंही वाटतं आहे. दाराखालून पाणी आत येतं आहे, बारीक, स्वच्छ, पार टेबलापर्यंत.

मी पेन खाली ठेवते.

ओ, गोदू. आले.